आधी पूर्वसंमती, मग खरेदी

मा. संपादक,

‘३५ टक्के सबसिडी, मंजुरीची हमी’ अशा पाट्या सध्या शहरात ठिकठिकाणी दिसतात. त्या वाचून आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, किती टक्के? वास्तविक टक्केवारी सर्वांत शेवटी येते. खर्च कधी केला, कशावर केला आणि त्याच वस्तूवर आणखी कुठून पैसे घेतले, एवढे आधी तपासले जाते. युरोपीय संघातील सरकारी मदतीच्या नियमांचा गाभाही हाच. मोठ्या मदतीसाठी तिथे सर्वसाधारणपणे काम सुरू होण्याआधी अर्ज लागतो, आणि किरकोळ मदतीला २०२४ पासून एका सदस्य देशात एका उद्योगामागे ३ वर्षांत ३ लाख युरो अशी मर्यादा आहे. आपल्याकडे असा एक कायदा नाही. योजना तितक्या मार्गदर्शक सूचना, आणि अर्जदाराला त्या कळतात त्या बहुधा अर्ज नामंजूर झाल्यावर.

तारखेचेच घ्या. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शेती अवजारासाठी अर्ज केला, निवडीचा संदेश आला, की अनेकांना काम झाले असे वाटते. दसरा किंवा पाडवा जवळ असतो, मुहूर्तावर रोटाव्हेटर दारात येतो. पण निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे. कागदपत्रे चढवून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची, मग बिल चढवायचे, मग मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन पाहणी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या एक दिवस जरी आधीची निघाली तरी प्रकरण तिथेच अडते, आणि दुकानदाराकडून बिल बदलून आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. पैसे रोखीने देऊ नयेत. खात्यातून गेलेली रक्कम, बिल आणि यंत्रावरच्या पट्टीवरचा क्रमांक एकमेकांशी जुळावे लागतात.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, पहिल्या कर्जाला फक्त नवा उद्योग चालतो. उद्यम नोंदणीवर, म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग नोंदणीवर, काम सुरू झाल्याची तारीख अर्जाच्या आधीची असेल, तर तो उद्योग नवा कसा म्हणायचा? पत्त्याचेही तसेच. अनुदान सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना २५ आणि ३५ टक्के. २०२२ च्या सुधारणेनंतर पंचायत राज संस्थांच्या हद्दीतले ते ग्रामीण. त्यामुळे महापालिका हद्दीत टॉवेलचे शिलाई युनिट टाकणारा आणि उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात टाकणारा यांच्यात १० टक्क्यांचा फरक पडतो. गावचा पत्ता दाखवून यंत्रे शहरात बसवणाऱ्यांचे पितळ प्रत्यक्ष पडताळणीत उघडे पडते.

आता ‘कशावर’. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. समजा, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा २० लाखांचा प्रकल्प आहे. त्यात यंत्रे ११ लाख, तांत्रिक बांधकाम ३ लाख, खेळते भांडवल ६ लाख. पाटीवाला २० लाखांचे ३५ टक्के काढून ७ लाख सांगतो. या योजनेत खेळते भांडवल मात्र अनुदानाला धरत नाहीत, जागेची किंमतही नाही. म्हणजे पात्र खर्च १४ लाख आणि अनुदान ४ लाख ९० हजार. हे २ लाख १० हजार कुठून आणायचे, हा प्रश्न मग यंत्रे आल्यावर पडतो.

शिवाय ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत अर्जदाराच्या नावे बाजूला राहते आणि ३ वर्षांनी, घटक चालू असेल व कर्ज थकीत नसेल, तरच कर्जात वळती होते. या अन्नप्रक्रिया योजनेत स्वतःचा किमान १० टक्के वाटा आधी भरायचा असतो. तो ‘सबसिडी आल्यावर देतो’ म्हणून चालत नाही. पीएमईजीपीत आणखी एक अट फारशी कुणी वाचत नाही: कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या उचलीची, मर्यादा या ३ वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि एकूण वापर ७५ टक्क्यांहून कमी नको. म्हणून प्रकल्प मोठा दिसावा यासाठी खेळते भांडवल फुगवून मागणे अंगाशी येते.

दुहेरी लाभाबाबत गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. एकच यंत्र दोन भांडवली अनुदानांत, म्हणजे यंत्रे-बांधकामाच्या खर्चावरच्या अनुदानांत, दाखवता येत नाही. पण भांडवली अनुदान आणि व्याज सवलत या वेगळ्या गोष्टी. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे आणि ती इतर योजनांना जोडता येते. बार्शीच्या डाळमिलला म्हणून दोन्ही मागता येतील. नुसत्या शेंगा चटणीला नाही, कारण ती दुय्यम प्रक्रिया आणि हा निधी मुख्यतः डाळ भरडण्यासारख्या प्राथमिक प्रक्रियेसाठी. आयकराच्या हिशेबात मात्र अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करूनच घसारा धरावा.

सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी एवढेच: केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार त्याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडे अर्ज केलेला नाही असे लिहून द्यावे लागते, आणि अनुदानावर मिळालेले व्याज सरकारजमा करावे लागते.

जिल्हा उद्योग केंद्राने आणि कृषी विभागाने प्रत्येक योजनेची पात्र खर्चाची यादी मराठीत, एका पानावर, खिडकीजवळ लावावी. नामंजुरीच्या पत्रात ‘निकषात बसत नाही’ एवढेच न लिहिता कोणते कलम आडवे आले तेही लिहावे. आणि अन्नप्रक्रिया योजनेत अहवाल करून देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचे मानधन शासन देते, अर्जदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो, हे त्याच कागदावर ठळक अक्षरांत छापावे.

– एक सनदी लेखापाल, सोलापूर