सहा मिलिमीटरची एअरसॉफ्ट गन ‘खेळणे’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : ६ मिमी इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफलची चुकीची माहिती, विसंगत बिल आणि सदोष गिअरबॉक्स याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून नाशिकच्या पत्त्यावर मागवलेल्या रायफलबद्दल आम्ही नाशिकमधले एअरसॉफ्ट (एकमेकांवर ६ मिमीच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडण्याचा खेळ) खेळाडू एकत्रितपणे ही तक्रार करत आहोत. बिलाची, जाहिरातीच्या पानाची आणि खोक्यावरच्या मजकुराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पहिला आक्षेप जाहिरातीतल्या ‘४५० एफपीएस’ (फूट प्रति सेकंद) या आकड्यावर आहे. कोणत्या वजनाच्या गोळीने हा वेग मिळाला, हे पानावर कुठेही लिहिलेले नाही. गोळीचे वजन दिल्याशिवाय वेगाला काहीही अर्थ नाही. सेकंदाला ४५० फूट म्हणजे साधारण १३७ मीटर. गोळी ०.१२ ग्रॅमची असेल तर ऊर्जा १.१३ ज्यूल होते, ०.२० ग्रॅमची असेल तर १.८८ आणि ०.२५ ग्रॅमची असेल तर २.३५. एकाच आकड्यातून दुपटीहून जास्त फरक निघतो. बंद जागेतल्या खेळात ०.२० ग्रॅमच्या गोळीने ३५० एफपीएस, म्हणजे १.१४ ज्यूल, ही सर्रास पाळली जाणारी मर्यादा आहे. तुमची रायफल त्या मर्यादेत बसते की नाही, हे तुमच्या पानावरून कळत नाही. समोर उभ्या असलेल्या खेळाडूच्या दातांचा आणि डोळ्यांचा हा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष मोजमापातून वेगळेच निघाले. वेगमापकावर ०.२० ग्रॅमच्या गोळीने ३९० ते ४०० एफपीएस येतात, म्हणजे १.४ ते १.५ ज्यूल. पानावर ‘एम१००’ स्प्रिंग लिहिली आहे. एम१०० म्हणजे ०.२० ग्रॅमच्या गोळीला ढोबळमानाने सेकंदाला १०० मीटर वेग, म्हणजे सुमारे ३२८ एफपीएस. मोजलेला वेग एम१२० स्प्रिंगचा आहे. स्प्रिंग बदलली, पण पिस्टन (स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून गोळी ढकलणारा दातेरी भाग) मात्र हलक्या स्प्रिंगला पुरेल असा, सर्व दात नायलॉनचे असलेला ठेवला. त्यातच पानावर ‘११.१ व्होल्टची बॅटरी चालेल’ असे म्हटले आहे. या जोडीत गिअर पिस्टनचा पहिला दात जोराने पकडतो. तो दात तासला गेला की पुढचेही दात एकापाठोपाठ जातात. मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण गोळी सुटत नाही. आमच्या रायफलीत नेमके हेच झाले आहे. ७.४ व्होल्टची बॅटरी आणि निदान पहिले काही दात धातूचे असलेला पिस्टन, एवढे दिले असते तर हा बिघाड टळला असता. सोबत आलेल्या गोळ्यांना मधोमध साच्याची कड आहे. चांगली गोळी ५.९५ मिमीची आणि गुळगुळीत लागते, कारण नळीचा आतला व्यास साधारणपणे ६.०३ ते ६.०८ मिमीच असतो. कड असलेली गोळी हॉप-अपच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या भागाच्या) रबरात अडकते आणि रबर फाडते.

बिघाड दुरुस्त करता येईल. कागदांचा घोळ त्याहून गंभीर आहे, कारण त्याचा भार कंपनीवर पडत नाही, रायफल हातात असणाऱ्यावर पडतो.

तुमच्या पानावर ठळक अक्षरांत ‘भारतात पूर्णपणे कायदेशीर, परवान्याची गरज नाही’ असे लिहिले आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट मिळते ती ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि नळी ४.५ मिमीच्या आत असेल तर. छऱ्याची एअर रायफल या मापात बसते. या एअरसॉफ्ट रायफलीची मोजलेली ऊर्जा त्या २० ज्यूलच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही, पण नळी ६ मिमीची आहे. दुसरीकडे, शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येतून केवळ खेळणे म्हणूनच वापरता येतील आणि खऱ्या शस्त्रात बदलता येणार नाहीत अशा वस्तू वगळल्या आहेत. एअरसॉफ्टचा सगळा बचाव या वगळणुकीवर उभा आहे आणि तो करायला निर्मात्याचा तांत्रिक तपशील हाताशी लागतो. तो न देता ‘पूर्णपणे कायदेशीर’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. कायदेशीरपणासाठी नळीच्या नारिंगी टोकाचा दाखला देणे तर अगदीच गैरलागू आहे. तो अमेरिकेतला नियम आहे, त्यावर इथे कुणाची सुटका होत नाही.

बिलावर वस्तूचे वर्णन ‘प्लास्टिक खेळणे’ असे आहे आणि एचएसएन (करासाठीचा वस्तूचा सांकेतिक क्रमांक) ९५०३, म्हणजे खेळण्यांचा. खोक्यावर मात्र ‘१८ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असे छापले आहे. वस्तू १४ वर्षांखालील मुलांचे खेळणे असेल तर १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे तिच्यावर आयएसआय चिन्ह हवे. ते नाही. ती मोठ्यांसाठीची असेल तर बिलावर तसे स्पष्ट लिहा. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देशही नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हा तपशील बंधनकारक आहे.

नाशिकमध्ये याचा अर्थ काय होतो, हेही समजून घ्यावे. सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढते आणि शस्त्रे, बंदुका, लाठ्या बाळगण्यास बंदी असते. शहराच्या हद्दीबाहेर ग्रामीण पोलीस, म्हणजे मैदानावर जाता-येता दोन यंत्रणांचा संबंध येतो. देवळालीला तोफखान्याचा तळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमान कारखाना. अशा शहरात काळी, हुबेहूब रायफल गाडीत सापडली तर पोलीस थांबवणारच, आणि त्यांनी थांबवायलाच हवे. २०२७ च्या सिंहस्थासाठी बंदोबस्त आणखी कडक होणार आहे. खेळाडू आपल्या परीने काळजी घेतात. मॅगझिन काढायचे, नळीत उरलेली गोळी मोकळी करायची, बॅटरी वेगळी ठेवायची, रायफल बंद पेटीत घालून डिकीत ठेवायची, मनाई आदेश चालू असेल तर बाहेर काढायचीच नाही. पण पेटी उघडायला सांगितल्यावर दाखवायचा कागद तुमचेच बिल असते. त्यावर ‘प्लास्टिक खेळणे’ आणि समोर धातूच्या नळीची रायफल, हे पाहून कोणत्याही हवालदाराला संशयच येईल. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याला तुमच्या बिलामुळे खोटे ठरावे लागू नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा. सदोष रायफल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा पानावर लिहिलेली एम१०० स्प्रिंग व धातूचे दात असलेला पिस्टन बसवून द्यावा. दुरुस्त बिल द्यावे. त्यावर नळीचा व्यास, ०.२० ग्रॅमच्या गोळीने मोजलेली ऊर्जा ज्यूलमध्ये, अनुक्रमांक आणि खरे वर्णन असावे. रायफलीत बदल करून खरे काडतूस उडवता येत नाही, असे निर्मात्याचे लेखी पत्र प्रत्येक ग्राहकाला मिळावे. जाहिरातीतला ‘पूर्णपणे कायदेशीर’ हा दावा काढावा आणि विक्रीच्या वेळी वयाचा व पत्त्याचा पुरावा घ्यावा. छऱ्याच्या बंदुका विकणारे दुकानदार तो घेतात, आमचीही त्याला हरकत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले,
नाशिकमधील एअरसॉफ्ट खेळाडू

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीच्या पानाची छायाचित्रे, वेगमापकावरील नोंदी, तुटलेल्या पिस्टनचे छायाचित्र.