श्रेणी छापली, शिक्षकांचा आकडाही छापा

महोदय,

कालच्या अंकातील, एका कॉलेजला नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था) श्रेणी मिळाल्याची बातमी आणि पेढे भरवतानाचा फोटो पाहिला. अभिनंदन करणाऱ्यांच्या नावांना चार ओळी मिळाल्या. त्या कॉलेजात शिकवणाऱ्यांच्या किती जागा भरलेल्या आहेत, याबद्दल एक शब्दही नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी. करते. गेल्या वर्षी नॅकची समिती येण्याआधी दीड महिना फिजिक्सची प्रॅक्टिकल्स जवळजवळ बंद होती. सर तासिका तत्त्वावरचे. त्यांना पाच वर्षांचे फोटो, हजेरीपत्रके, कार्यक्रमांचे अहवाल जुळवायला बसवले होते. मानधन तासावर, आणि फायलींचे तास कुणी धरत नाही. नाही म्हटले तर पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, ही धास्ती वेगळीच.

भेटीच्या दिवशी कपाटातला स्पेक्ट्रोमीटर बाहेर निघाला. तोवर मुलांनी तो काचेतूनच पाहिलेला. सोडियम लॅम्प आधीच लावून ठेवला होता आणि माझी मुलगी साडी नेसून टेबलाशी उभी होती. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले, नेहमी वापरता ना? ती हो म्हणाली. रात्री ताटावर बसली आणि तशीच उठली. "पप्पा, मी खोटं बोलले," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप. कॉलेजला श्रेणी चांगली मिळाली. माझ्या मुलीला त्या दिवशी खोटे बोलावे लागले, हे मी विसरणार नाही.

नॅक नकोच, असे मी म्हणत नाही. १९९४ पासून ही व्यवस्था आहे आणि तिच्या धाकाने आमच्याकडे ग्रंथालय संगणकावर आले, मुलींसाठी स्वतंत्र खोली झाली. संलग्न महाविद्यालयांना १००० पैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचे असतात, म्हणजे हेतूही बरोबर आहे. पण २०१७ पासून बहुतेक गुण ऑनलाइन भरलेल्या माहितीवर ठरतात आणि समितीचे येणे आधी कळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाचेच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीतील माणसांनाच अटक केली. त्यानंतर तरी पालकांनी श्रेणीच्या नुसत्या अक्षरावर विश्वास का ठेवावा?

मंजूर जागांपैकी किती जागांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत, हा आकडा कॉलेजला नॅककडे द्यावाच लागतो. म्हणजे तो तयार आहे. श्रेणीच्या शेजारी तोही छापा, एवढीच मागणी. तुमच्या वार्ताहराने प्राचार्यांना एक फोन केला तरी मिळेल. जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईबापांना 'ए प्लस'पेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि महापालिकेलाही एक सांगणे आहे. आमच्या कॉलेजच्या श्रेणीचा फ्लेक्स वर्ष झाले तरी चौकात तसाच आहे. त्याच्या आडून डावीकडची गाडी दिसत नाही. माझी मुलगी रोज तिथून सायकलवरून जाते. दोनदा तक्रार दिली, तो अजून उतरलेला नाही.

आपला,
एक पालक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर