खड्डे खणण्याआधी खुंट मोजा

महोदय,

उजाड माळावर हजारो रोपे लावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्यांतली दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत किती तगली, हे सहसा छापून येत नाही. मुळात अशा बऱ्याच जमिनी उजाड नसतातच. तोडलेल्या झाडांचे खुंट, गुरांनी खुरटवलेली झुडपे, गवतात दडलेली रोपटी तिथे जिवंत असतात. जुन्या मुळांच्या जोरावर आलेला फुटवा पिशवीतल्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो आणि पाणीही मागत नाही. लागवडीसाठी जमीन ‘साफ’ करताना आपण नेमके तेच उपटतो!

म्हणून आधी मोजणी करावी. खुंटीला ५ मीटर दोरी बांधून वर्तुळ आखावे आणि त्यातली वीतभर उंचीची रोपटी व जिवंत खुंट मोजावेत. एका खुंटाचे सगळे फुटवे मिळून एकच धरायचे. अशी किमान १० वर्तुळे जमिनीच्या वेगवेगळ्या भागांत घ्यावीत, फक्त वाटेलगत नकोत. सरासरीला १२७ ने गुणले की हेक्टरी आकडा मिळतो. वर्तुळामागे ६, म्हणजे हेक्टरी साडेसातशेच्या आसपास भरत असतील तर खड्डे खणण्यापेक्षा राखण करावी. घाणेरीसारख्या आक्रमक झुडपांना मोजणीत घेऊ नये, नाहीतर राखण त्यांचीच होते.

खुंटावर वीस-पंचवीस फुटवे असतात. त्यांतले सरळ, जोमदार ३ ते ५ ठेवून बाकीचे काढावेत आणि ठेवलेल्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात. त्याहून वर छाटले तर बारीक खोडाला शेंडा पेलत नाही आणि ते वाऱ्याने लवते. धारदार कोयता खालून वर चालवावा. वरून खाली घाव घातला की साल खोडापर्यंत चिरत जाते. हे काम पाऊस लागण्याआधी उरकलेले बरे, कारण ओल्या जखमेत बुरशी लवकर शिरते. छाटलेल्या काटेरी फांद्या जाळू नयेत, खुंटाभोवतीच रचाव्यात. गुरांपासून तेवढाच आडोसा होतो. पोकळ, वठलेली झाडेही राहू द्यावीत, कारण अनेक घुबडे आणि पोपट ढोल्यांत घरटी करतात.

गवताचे गणित वेगळे. कापलेले उंच गवत बुडातून पुन्हा जोमाने फुटते. त्याऐवजी रोपट्याला काठी लावून खूण करावी, भोवती अर्धा मीटर हाताने निंदावे आणि उरलेले गवत फळी पायाने दाबत आडवे करावे. फळीच्या दोन्ही टोकांना बांधलेली दोरी खांद्यावर घेतली की उचलणे सोपे जाते. आडव्या पडलेल्या गवताखाली नवे गवत दबून राहते, आणि वणवा लागलाच तर ज्वाळा कमी उंच उठतात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी, मात्र दर उन्हाळ्याआधी काढावीच लागते. एका वणव्यात तीन वर्षांचे काम जाते.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या मराडी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी १९८३ च्या सुमारास शेतकऱ्यांसोबत हीच खुंट राखण्याची पद्धत सुरू केली. पुढे देशात सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडोरा परतला. तिथे खरी अडचण कोयत्याची नव्हती. झाडे सरकारची मानली जात, तोवर शेतात फुटवा ठेवण्यात कुणाला रस नव्हता. छाटलेले सरपण आपल्याला मिळेल याची खात्री पटल्यावर तेच लोक राखण करू लागले. चराईबंदीचेही तसेच आहे. गुरे कुठे चारायची हे गुराख्यांशी आधी ठरले नसेल, तर कुंपण महिनाभरही टिकत नाही.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. खाणकामाने माती गेली असेल तिथे मुळेच उरत नाहीत, तिथे लागवडच हवी. आणि जे मूळचेच गवताळ रान आहे, तिथे झाडे वाढवणे म्हणजे माळावरच्या पक्ष्यांना आणि हरणांना हुसकावणे.

लागवडीच्या बातमीत आपल्या वार्ताहरांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: आधी मोजणी झाली होती का, आणि पुढच्या तीन वर्षांच्या राखणीचा खर्च बाजूला काढला आहे का?

आपला,
एक वाचक