बाबांचे बेंच बाबांच्या आजच्या मापाचे हवे

तीर्थरूप आई-बाबांस,
सविनय साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, बाबांनी मागे फोनवर गॅरेजमधले वर्कबेंच काढून टाकण्याचा विषय काढला, तो मनातून जात नाही. वाकून काम केले की कंबर धरते, बारीक खुणा दिसत नाहीत आणि हवी ती वस्तू सापडेपर्यंत कामाचा उत्साहच निघून जातो, असे ते म्हणाले. या तिन्ही अडचणी बेंचमध्ये सुधारणा करून दूर होण्यासारख्या आहेत, म्हणून ते काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी उंची. बाबांनी ते बेंच रंधा मारण्यासाठी केले होते. रंधा मारताना अंगाचा भार वरून यावा लागतो, म्हणून त्याची फळी मनगटाच्या उंचीला आहे. पण आता बाबा तिथे खुर्चीचा सुटलेला सांधा चिकटवतात, बिजागरी बसवतात, पटाशीला धार लावतात. या कामांना जोर कमी आणि नजर जास्त लागते, आणि त्यासाठी फळी कोपराच्या खाली साधारण 5 ते 10 सेंटिमीटरवर असली म्हणजे मान आणि कंबर सरळ राहते. तेव्हा पायांखाली लाकडी ठोकळे देऊन बेंच उचलावे. ठोकळे नुसते सरकवून चालणार नाहीत. ते पायांना बोल्टने आवळावे लागतील, मागच्या दोन पायांना जोडणारी प्लायवूडची पाठ मारावी लागेल आणि बेंच भिंतीलाही पक्के करावे लागेल, कारण उंच केलेले बेंच करवतीच्या जोराने डुलू लागले तर काम बिघडतेच, शिवाय हातालाही धोका असतो.

वरची फळी मात्र अजिबात बदलू नये. इतक्या जाडीचे, वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड आता सहजासहजी मिळत नाही, आणि तिच्या पुढच्या कडेवरचे पटाशीचे घाव व सरसाचे कडक झालेले थेंब मला फार जवळचे वाटतात. तिच्यावर 6 मिलिमीटरचा हार्डबोर्ड स्क्रूने बसवला, की पुढची झीज तो सोसेल आणि खराब झाला की बदलता येईल. लाकूड घट्ट धरणारा व्हाइस सध्या दोन पायांच्या मधोमध आहे. तो डाव्या पायाच्या बरोबर वर आणावा, म्हणजे ठोकताना बसणारा दणका फळीला न हादरवता पायातून जमिनीत उतरेल.

दिसण्याची अडचण बरीचशी दिव्याची आहे. छतावरचा दिवा बाबांच्या पाठीमागे असल्यामुळे त्यांची सावली नेमकी कामावर पडते. त्यातच, वयाच्या साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बेंचच्या पुढच्या कडेच्या वर एक लांब एलईडी पट्टी आणि डाव्या हाताला वाकवता येणारा एक दिवा, एवढे पुरेल. बाबा उजव्या हाताने काम करत असल्यामुळे डावीकडून आलेल्या उजेडात हाताची सावली खुणेवर पडत नाही.

मांडणीसाठी एकच नियम धरावा: रोज लागणारी हत्यारे कंबर ते खांदा या टप्प्यात, जड वस्तू त्याखाली आणि क्वचित लागणाऱ्या त्याच्याही वर. हातोडी, पकड, गुण्या, स्क्रू ड्रायव्हर भोकांच्या बोर्डावर टांगावेत. बोर्ड भिंतीपासून 2 सेंटिमीटर पुढे ठेवला तरच हुक मागून नीट अडकतात. पटाश्या टांगताना धारेला टोपण असावे. खालचा खोल ड्रॉवर मला पहिल्यापासून खटकतो, कारण त्यात वस्तूंवर वस्तू चढतात आणि तळातली कानस कधीच वर येत नाही. त्याच्या जागी उथळ ड्रॉवर करू, एका थरात सगळे दिसेल असे. स्क्रू आणि खिळे लांबीप्रमाणे पारदर्शक बरण्यांत भरावेत आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या आईने मोठ्या अक्षरात लिहाव्यात. तिचे अक्षर बाबांना चष्म्याशिवायही लागते.

एका बाबतीत मात्र आईने कठोर व्हावे. जवसाच्या तेलाने लाकूड पुसल्यावर बाबा त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात ठेवतात. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती अडकून राहिली तर ठिणगीशिवायही चिंध्या पेटतात. त्या बाहेर मोकळ्या हवेत, एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

मी येण्यापूर्वी एक माप हवे आहे. बाबांनी काम करताना घालायचे बूट घालून ताठ उभे राहावे, हात कोपरात काटकोनात वाकवावा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर आईने टेपने मोजून मला कळवावे. बेंचची सध्याची उंचीही त्यासोबत लिहावी. ठोकळे त्यावरूनच कापायचे आहेत.

आपली,
लेक