दीड माणूस

प्रिय दिन्या,

जय भीम यार. परवा फोनवर पोरांचा इतका कल्ला चालला होता की बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून लिहितोय. तू म्हणत होतास की म्यानमारचे ते दंगलवाले भिक्खू खरे बौद्धच नाहीत, चीवर घातलं म्हणून काय झालं. अरे खरेच आहेत ते. त्यांना सुत्तं तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, त्यामुळे असं म्हणून हात झटकणं मला तरी जमत नाही.

तिथल्या 969 या मुसलमानविरोधी चळवळीचंच घे. आपण वंदनेत म्हणतो ना, इतिपि सो भगवा पासून, बुद्धाचे 9 गुण, धम्माचे 6, संघाचे 9. माझी आई झोपेतून उठवली तरी म्हणेल. तिकडे तेच आकडे जोडून स्टिकर छापले आणि दुकानांवर लावले, का तर बौद्धाने बौद्धाकडूनच माल घ्यावा, मुसलमानाच्या दुकानाची पायरी चढू नये. यात सगळ्यात पुढे मंडालेचा अशिन विराथू, 2003 मध्ये भडकवण्यावरून 25 वर्षांची शिक्षा झालेली, 2012 ला माफीत सुटला आणि परत तेच सुरू, या वेळी फेसबुकवरून. 2013 च्या मार्चमध्ये मेईक्तिला गावात सोन्याच्या दुकानातल्या भांडणावरून पेटलं, एका भिक्खूला मारलं, मग मुसलमानांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या, 40 च्या वर माणसं गेली, त्यात मदरशातली पोरंही. आणि त्याच गावात ऊ विथुद्दा नावाच्या भंतेंनी शेकडो मुसलमानांना विहारात आसरा दिला, जमाव आला तर आधी मला मारा म्हणाले. वंदना दोन्हीकडे तीच बरं का.

विराथूला माथेफिरू म्हणून सोडून देता येतं. पण तिथले मोठे भंते, सितागू सयाडो, त्यांचं काय करशील? दवाखाने काढलेला विद्वान माणूस, देशभर मान. 2017 च्या ऑगस्टपासून 7 लाखांवर रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले, आणि ऑक्टोबरमध्ये हे लष्करी अधिकाऱ्यांसमोर बसून गोष्ट कोणती सांगतात, तर श्रीलंकेच्या महावंस या जुन्या पाली ग्रंथातली. राजा दुट्ठगामणी भाल्यात बुद्धाचा अस्थिधातू बसवून तमिळ राजा एळाराशी लढायला गेला, सोबत भिक्खूही होते. जिंकला, पण एवढी माणसं मारली म्हणून जिवाला चैन पडेना. तर 8 अरहंत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्खू, आले आणि म्हणाले, राजा, तू दीडच माणूस मारलास, एकाने नुसतं त्रिसरण घेतलं होतं तो अर्धा, एकाने पंचशीलही घेतलं होतं तो पूर्ण, मिळून दीड, बाकीचे जनावरासारखे!

म्हणजे जीव न मारण्याचं पहिलं शील, पाणातिपाता वेरमणी, ते शाबूत, आणि मारणारा पण शाबूत. अरे पण पाणातिपाता वेरमणी मध्ये जनावरंही येतात ना, मुंगीसुद्धा येते, मग हा हिशेब लागला कसा? त्याच महावंसात एळारा न्यायी होता असंही लिहिलंय, आणि त्याच्या समाधीवरून जाताना राजेसुद्धा वाजंत्री थांबवायचे. अधिकाऱ्यांना सांगायला हाही तुकडा हाताशी होताच की.

म्यानमारमध्ये 10 पैकी जवळजवळ 9 लोक बौद्ध आहेत, तरी रात्रंदिवस एकच भीती, सासन, म्हणजे बुद्धाचा धम्म, बुडणार. मला वाटतं खरी काडी तिथेच पडते, आपला धर्म शांत म्हणजे आपण मारतोय ते फक्त वाचवायला, असं एकदा डोक्यात बसलं की मग पुढचं सगळं सोपं.

आणि हे तिकडचं प्रकरण म्हणून मला सोडताही येत नाही. 1956 ला इथे नागपुरात बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थवीर मूळचे आराकानचे, आराकान म्हणजे आजचं राखाइन, जिथं रोहिंग्यांची गावं जळाली तेच. त्यात भंतेंचा काय दोष, पण नातं आहे ना. आपण इथे शांत आहोत त्यात धम्म किती आणि संख्येने कमी असणं किती, हे तू मला सांग, मला तर धड उत्तर देता येत नाही.

रविवारी विहारात पोरांना ही दीड माणसाची गोष्ट सांगायचं ठरवलंय. कमिटीतले एक काका म्हणतात, कशाला विरोधकांच्या हातात कोलीत देता. मी सांगणार आहे. दसऱ्याला येशील तेव्हा भांड माझ्याशी, गाडी घरीच लाव, दीक्षाभूमीला चालतच जाऊ, त्या गर्दीत पार्किंग मिळत नाही. आई विचारत होती तुला.

तुझा,
राजू