जुना व्हिडिओ गेम, नवा मॉनिटर आणि खोक्यावरचा अपुरा मजकूर

महोदय,

ई-कचरा संकलनाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु ‘बिघडली’ म्हणून आपण जी वस्तू देऊन टाकतो ती खरोखर बिघडलेली असते का, याची खातरजमा फारसे कोणी करत नाही. आमच्या घरी यंदा दिवाळीच्या आवराआवरीत जे घडले त्यावरून हे लिहावेसे वाटले.

माळ्यावरून १९९० च्या दशकातला कॅसेटचा व्हिडिओ गेम निघाला. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले, त्याच्या नाना नकला तेव्हा आपल्या बाजारात मिळत असत; आमचा गेम त्यांतलाच. दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक, अडॅप्टर आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट एवढा सारा संसार जसाच्या तसा होता. नव्हता तो पिक्चर ट्यूबचा टीव्ही. मुलाच्या टेबलावर चोवीस इंची मॉनिटर आहे, त्याच्या मागे चित्र घेण्यासाठी एचडीएमआय आणि व्हीजीए अशा दोनच जागा; आणि गेमला एक अँटेनाची पिन व पिवळे-लाल एव्हीचे, म्हणजे चित्र आणि आवाजाचे, सॉकेट. यांची गाठ घालायची तर मध्ये कन्व्हर्टर हवा, एवढे मला ठाऊक होते, म्हणून बाजारातून एक घेऊन आलो. सगळे जोडले, बटण दाबले, गेमचा लाल दिवाही लागला. मॉनिटर मात्र ‘सिग्नल नाही’ असे सांगून काळा पडला. दुकानदाराकडे गेम घेऊन गेलो, तर त्याने वायर दोनदा हलवून पाहिली आणि ‘काका, गेम गेलाय, भंगारात द्या,’ असा निकाल दिला.

गेम गेला नव्हता. मला दिलेला कन्व्हर्टर उलट्या दिशेचा होता. बाजारात हातात मावणाऱ्या दोन डब्या मिळतात. एक जुन्या यंत्राचे एव्ही सिग्नल घेऊन नव्या पडद्याला एचडीएमआय देते, तर दुसरी नव्या यंत्राचे एचडीएमआय घेऊन जुन्या टीव्हीला एव्ही देते. आकार तोच, सॉकेटे तीच, किंमतही जवळपास तेवढीच. एकीवर ‘एव्ही२एचडीएमआय’ आणि दुसरीवर ‘एचडीएमआय२एव्ही’ असे तांदळाच्या दाण्याएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले असते, आणि मधला दोनचा आकडा म्हणजे इंग्रजी ‘टू’, अर्थात ‘कडून कडे’, हे ज्याचे त्याने ओळखायचे. माझ्या खोक्यावर आयातदाराचा पत्ता, उत्पादनाचा देश, कमाल किंमत असे सगळे होते. आत काय शिरते आणि बाहेर काय पडते, याविषयी एक अक्षर नव्हते. सरळ दिशेची डबी आणून जोडली आणि तिला यूएसबीची वायर लावून वीज दिली, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचा मारिओ पडद्यावर धावू लागला. मॉनिटरला स्पीकर नसल्याने आवाज हेडफोनच्या जागेतून घ्यावा लागला, एवढेच.

याहून मोठी फसगत व्हीजीएच्या वायरीची आहे. एका टोकाला लाल, हिरवी, निळी पिन आणि दुसऱ्या टोकाला पंधरा पिनांचा व्हीजीए प्लग अशी एक वायर सर्रास विकली जाते. ती पाहून कोणालाही वाटावे की गेमची पिवळी पिन इथे कुठेतरी बसवली की काम झाले. तसे ते होणार नाही. गेम सगळे रंग आणि उजेड-अंधार एकाच तारेतून एकत्र पाठवतो, तर व्हीजीएला तीन रंग तीन तारांतून वेगवेगळे लागतात. शिवाय आपल्या टीव्हीच्या पद्धतीत दर सेकंदाला १५,६२५ रेषा आखल्या जातात आणि साधा व्हीजीए मॉनिटर त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे ३१,५०० रेषांची अपेक्षा धरतो. नुसत्या तांब्याच्या तारेने हा हिशेब जुळत नाही, त्यासाठी मध्ये सर्किट असावेच लागते. असे असूनही वायर विकणारा विकून मोकळा होतो आणि घरी पडदा काळा राहिला की दोष गेमच्या माथी येतो.

आमच्या शेजाऱ्यांचा गेम आमच्याहून जुना, त्याला केवळ अँटेनाची पिन आहे. त्या पिनेतून येणारे चित्र टीव्हीवर एखाद्या चॅनेलसारखे लावावे लागते आणि मॉनिटरमध्ये चॅनेल लावण्याची सोयच नसते, त्यामुळे तिथे वरचा कन्व्हर्टरही निरुपयोगी. त्यांच्या कामी आला तो टीव्ही ट्यूनरचा डबा. वीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर केबल पाहण्यासाठी पुष्कळ घरांत हा डबा असे. त्यात अँटेनाची वायर जाते आणि त्यातून व्हीजीए बाहेर येते. २०१२ साली मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झालेले केबलचे डिजिटलीकरण पुढे सगळीकडे पोचले, सेट-टॉप बॉक्स आले आणि हे डबे अडगळीत गेले. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांनी जुना व्हीसीआर शोधावा. त्यातही ट्यूनर असतो आणि मागे एव्हीची सॉकेटे असतात, म्हणजे तिथून पुढे कन्व्हर्टरची वाट मोकळी होते.

कन्व्हर्टरच्या खोक्यावर ठळकपणे छापलेल्या ‘१०८०’ या, चित्राच्या उभ्या ठिपक्यांच्या आकड्याविषयीही लिहिले पाहिजे. फॅमिकॉमचे मूळ चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपक्यांचे. कन्व्हर्टर ते ताणून मोठे करतो, त्यात नवे काही भरत नाही, आणि वर चार-तीन प्रमाणाचे चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर पसरवल्याने मारिओ आडवा सुटलेला दिसतो. मॉनिटरच्या मेनूत चार-तीन हा पर्याय असल्यास तेवढे तरी सुधारते. चित्राची लुकलुक त्रासदायक आहे, तिचे कारण मात्र सहजी कळत नाही. टीव्हीचे नेहमीचे चित्र दोन हप्त्यांत येते, आधी विषम रेषा आणि मग सम. जुने गेम मात्र प्रत्येक वेळी त्याच त्या रेषांवर नवे चित्र पाठवतात. स्वस्त कन्व्हर्टर याला दोन हप्ते समजून त्यांची वीण घालू पाहतो. मग मार लागल्यावर लुकलुकणारा गडी कधी कंगव्याच्या दातांसारखा फाटलेला दिसतो, तर कधी पडद्यावरून साफ नाहीसा होतो. हा फरक ओळखणारी ‘रेट्रोटिंक’सारखी खास उपकरणे आहेत, पण हौसेपुरत्या खेळासाठी तेवढा खर्च करावा असे मी कोणाला सुचवणार नाही. त्यातच आपल्याकडच्या यंत्रांचे सेकंदाला ५० चित्रांचे गणित कन्व्हर्टर बहुधा ६० वर नेतो, म्हणून सरकत्या देखाव्याला मधूनमधून हिसका बसतो.

बंदूक चालली नाही, आणि ती चालणारही नाही. चाप ओढताच गेम क्षणभर पडदा काळा करतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की नेम बरोबर धरतो. पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी घडत असे. कन्व्हर्टर आणि मॉनिटर यांच्यातून चित्र पोचेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते, त्यामुळे नळी काचेला टेकवली तरी ‘डक हंट’मधला कुत्रा गवतातून वर येऊन हसायचा तो हसतोच. मुलगा यावर माझ्याइतकाच चिडला, याचे मला मनातून बरे वाटले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तेव्हा कन्व्हर्टरच्या आयातदारांनी खोक्याच्या दर्शनी बाजूवर ‘यातून आत काय जाते, बाहेर काय येते’ हे बाण काढून, मराठीत वा निदान हिंदीत ठळक छापावे. तीन रंगांच्या वायरीवर ती टीव्ही गेमला चालत नाही असे स्पष्ट लिहावे. आणि दुकानात एखादा चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू स्थितीत ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाची वस्तू भंगारात काढायला सांगण्यापूर्वी ती त्यावर लावून पाहता येईल. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रांवर असे टीव्ही रोज येत असतील. त्यांतला चालू अवस्थेतला एखादा योग्य किमतीला घ्यायला मीही तयार आहे.

आपला,
एक वाचक, मिरज