बॉम्बला आधी उठवून ठेव

प्रिय भावा,

पत्र बघून दचकू नको, सगळं खुशाल आहे. पाऊस मात्र लै धरलाय, राजाराम बंधाऱ्याकडं पाणी ३९ फुटाच्या इशाऱ्याला टेकत आलंय आणि गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पाणी किती फुटावर. कंपनीतनं सातला घरी आलो, चहा घेतला आणि म्हटलं फोनवर तू मधे मधे बोलतोस, सगळं ऐकून घेत नाहीस, तर लिहूनच पाठवावं. विषय तोच, शनिवारी आपल्या कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या गेममध्ये तुझे दोन्ही जीबीयू-३८, म्हणजे जीपीएसवाले बॉम्ब, पडलेच नाहीत आणि तू वैतागून म्हणालास की हे बॉम्ब बेभरवशाचे, आपण आपलं लेझरवालंच वापरू.

तसं नाही रे. मी तीन संध्याकाळी तीच मिशन परत परत उडवली, तेच एफ-१६, जॉर्जियातल्या कोबुलेती विमानतळावरनं टेकऑफ, टार्गेट तेच. पहिल्या दिवशी मुद्दाम तुझ्यासारखं केलं, टार्गेट १५ मैलांवर आल्यावर विमानातल्या स्क्रीनच्या एसएमएस पानावर, म्हणजे शस्त्रांच्या पानावर, बॉम्बची पॉवर ऑन केली. आता हिशोब बघ, आपण ४५० नॉटनं जातोय म्हणजे मिनिटाला साडेसात नॉटिकल मैल, आणि बॉम्बला अलाइन व्हायला, म्हणजे आपली जागा आणि दिशा विमानाशी जुळवून घ्यायला, साधारण तीन मिनिटं लागतात, म्हणजे साडेबावीस मैल नुसते त्यातच गेले. आणि बॉम्ब टार्गेटच्या डोक्यावर आल्यावर थोडीच सोडायचा असतो, काही मैल आधीच सोडायला लागतोय. तू बटण दाबत होतास तेव्हा बॉम्ब अजून डोळे चोळत होता.

दुसऱ्या दिवशी चाकं आत घेतली, विमान जरा स्थिर झालं आणि लगेच पॉवर ऑन केली. मग हात लावला नाही. स्क्रीनवर ए १० दिसतं ते हळूहळू खाली उतरत जातं, आकडा जेवढा लहान तेवढी अलाइनमेंट चांगली. मी तो आकडा उतरताना बघत बसलो होतो, खाली काळा समुद्र, डाव्या हाताला किनारा, आणि टार्गेट अजून लै लांब असतानाच दोन्ही बॉम्ब तयार. एकाच फेरीत दोन्ही ट्रक गेले.

तिसऱ्या दिवशी मधेच पॉवर बंद करून परत चालू केली. आकडा गेला की परत १० वर! शनिवारी तुझं हे पण झालं असणार, कारण तू म्हणालास की रडारवर काहीतरी दिसलं म्हणून मी सगळं बंद करून परत लावलं. बॉम्बची पॉवर घालवली की तोपर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या कंपनीतल्या व्हीएमसीचं, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनचं, असंच आहे बघ. जुन्या मशीनची लाईट गेली की तिला आपण कुठं आहोत तेच आठवत नाही, परत झिरो रिटर्न घ्यायचा, तिन्ही अॅक्सिस होमला न्यायचे, मगच पुढचं काम. घाईनं तसाच स्टार्ट दिलास तर टूल जॉबमध्ये घुसला म्हणून समज. सेटिंगला दहा मिनिटं गेली तरी मी कधी कुरकुरत नाही, तीच दहा मिनिटं पुढं दिवसभर जॉब वाचवतात.

हे असं का होतं ते पण सांगतो, मला त्यातच जास्त गोडी वाटली. बॉम्बच्या शेपटीच्या किटमध्ये छोटासा आयएनएस असतो, म्हणजे आपली हालचाल स्वतःच मोजणारं यंत्र, जायरो आणि अॅक्सिलरोमीटर. त्याला स्वतःहून माहीत नसतं आपण कुठं आहोत, किती वेगात आहोत, तोंड कुणीकडं आहे. ते विमान सांगतं, आणि बॉम्ब आपलं मोजमाप विमानाच्या मोजमापाशी ताडून बघत चुका काढत राहतो. त्यात पंख लवतो, पायलॉन केसभर तिरका असतो, म्हणून वेळ लागतो. नाक सरळ ठेवून एकाच वेगानं चाललास तर दिशेची चूक नीट पकडताच येत नाही, जरा वळलं की आडवा जोर लागतो आणि चूक उघडी पडते, म्हणून खरे पायलट वाटेत हलकी वळणं घेतात. मी पण आता घेतो, डावीकडं एक, उजवीकडं एक. दिशेत एक अंशाची चूक म्हणजे १० किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर, रे! सोडल्यावर बॉम्ब जीपीएस धरून स्वतःला सुधारतो हे खरं, पण उपग्रह धरायला पण वेळ जातो, तोवर त्याच्याकडं विमानानं दिलेलीच शिदोरी असते.

आणि विमानालाच धड माहीत नसेल तर ते बॉम्बला काय सांगणार? तू विमानाच्या आयएनएसला नेहमी स्टोअर्ड हेडिंग लावतोस, म्हणजे आधी साठवलेली दिशाच देतोस, दीड मिनिटात निघता येतं म्हणून. त्याला माझी ना नाही, पण ते जागेवरनं हललेलं नसलेल्या विमानालाच चालतं. नाहीतर पूर्ण अलाइनमेंट कर, आठेक मिनिटं लागतात, तेवढ्यात रेडिओ लाव, नकाशा बघ, आणि आयएनएसचा नॉब नॅव्हवर, म्हणजे नॅव्हिगेशनवर, नेल्याशिवाय ब्रेक सोडू नको.

लेझरचं तुझं वेड मला कळतं. १९९९ च्या २४ जूनला आपल्या मिराजनी टायगर हिलवर लेझरचेच बॉम्ब टाकले, ते आठवलं की माझ्या पण अंगावर काटा येतो. पण लेझरला टार्गेट दिसायला लागतं. आत्ता इथनं जोतिबाचा डोंगर दिसत नाही एवढे ढग आहेत, अशात लेझर काय करणार? १९९१ च्या आखाती युद्धात ढग आणि धुरानं असंच अडवलं, त्यातनंच हे जेडॅम, म्हणजे बॉम्बला लावायचं हे जीपीएसचं शेपटीचं किट, जन्माला आलं आणि १९९९ ला कोसोवोत बी-२ नं पहिल्यांदा वापरलं. फक्त एवढं ध्यानात ठेव, हा बॉम्ब ट्रकच्या मागं जात नाही, तो दिलेल्या जागेवर जातो. ट्रक हलला की गेला. जागेची उंची चुकली तरी मागं नाहीतर पुढं पडतो.

शनिवारी साडेनऊला ये. मिशनमध्ये मी ढग लावून ठेवतो, खालचं काही दिसणार नाही. कोबुलेतीवरनं उठलो की पॉवर ऑन केल्याचं मला रेडिओवर सांग, आणि आकडा मोठ्यानं वाचत रहा, मी शेजारीच उडत असेन.

काकूंना नमस्कार सांग. पाणी उतरलं की एक दिवस काढून इकडं ये, मिसळ खाऊ.

तुझाच